हरिश्चंद्रगड-कळसूबाईच्या जंगलात पहिल्यांदा जाताय? मग निघायच्या आधी हे वाचा

मे संपत आला की माझ्या व्हॉट्सॲपवर दरवर्षी तोच मेसेज येतो. "अरे काजवे बघायला भंडारदऱ्याला निघतोय या शनिवारी, काय काय घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलंच असतं, की काय घ्यायचं ते नंतर बघू, आधी तो शनिवार सोड. लोकांना वाटतं मी टाळतोय. टाळत नाहीये, खरंच सांगतोय. या जंगलाचं जे काय नुकसान होतंय ना, त्यातलं निम्मं तरी सगळे एकाच वेळी एकाच जागी जातात म्हणून होतंय, वर्षात चार-पाच वीकेंड आणि तीच तीन ठिकाणं. बाकीच्या दिवशी हेच डोंगर रिकामे असतात, आणि तेव्हा ते बघायला जी मजा येते ती गर्दीत कधीच येत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय, कसं, कुठून करायचं ते एकदाच नीट लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वर्षी लिंक पाठवून मोकळा.

आधी जागा कळू द्या

तुम्ही जाताय ते नुसतं "ट्रेकिंग स्पॉट" नाहीये. ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य आहे, १९८६ मध्ये जाहीर झालेलं, क्षेत्रफळ साधारण ३६२ चौरस किलोमीटर. जिल्हा अहिल्यानगर (जुनं अहमदनगर), तालुका अकोले. अकोले बरं का, अकोला नाही. हसू नका, विदर्भातलं अकोला मॅपवर टाकून "बारा तास दाखवतंय रे" असं विचारणारा मित्र मला आहे.

याच पट्ट्यात कळसूबाई आहे, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. हरिश्चंद्रगड आणि त्याचा कोकणकडा आहे, रतनगड आहे, साम्रदची सांदण दरी आहे, आणि मधोमध भंडारदऱ्याचं धरण, जे इंग्रजांनी १९१० ते १९२६ या काळात बांधलं. प्रवरा इथेच रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते आणि मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूला, दोघी पुढे जाऊन जिल्ह्याच्या बऱ्याच भागाची शेती भिजवतात. म्हणजे तुम्ही हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनई गावच्या ओढ्यात टाकलेलं वेफर्सचं पाकीट कुठे जातं हे आता वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, जी नवीन लोकांना माहीतच नसते. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यात फरक असतो. राष्ट्रीय उद्यानात नियम जास्त कडक, आत वस्ती सहसा नसते. इथे गावं जंगलाच्या आतच आहेत, महादेव कोळी आणि ठाकर लोकांचे पाडे, पिढ्यानपिढ्यांचे. हिरडा गोळा करणं, गुरं चारणं, खाचरात भात लावणं हे सगळं याच जंगलात चालतं. तेव्हा आपण कुणाच्या तरी अंगणात शिरतोय हे डोक्यात ठेवून गेलं की बऱ्याच गोष्टी आपोआप नीट होतात.

महिना आणि वार ठरवा, बाकी सगळं सोपं आहे

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी हाच काळ. वाटा कोरड्या, हवा गार, लांबचं दिसतं. सप्टेंबरअखेर गेलात तर पठारांवर पिवळी सोनकी फुललेली असते आणि पाऊस जवळपास ओसरलेला असतो, मला स्वतःला हे पंधरा दिवस वर्षातले सगळ्यात भारी वाटतात. कारवीचं वेगळंच गणित आहे, ती सात-आठ वर्षांतून एकदा एकत्र फुलते आणि मग ते झाड मरूनच जातं, त्यामुळे ते ज्याच्या नशिबात असेल त्याच्या. तिच्या काठ्यांनी इथल्या घरांच्या कुडाच्या भिंती बांधतात, जाताना एखाद्या जुन्या घराकडे बघा, शेण-मातीच्या लिंपणातून काठ्या दिसतील.

जून ते ऑगस्ट. फोटो बघून सगळ्यांना तेव्हाच जायचं असतं. घाटघर, रतनवाडी या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, म्हणजे पुण्यात पडतो त्याच्या कितीतरी पट, आणि तो बहुतेक या तीन महिन्यांतच कोसळतो. धुकं इतकं की पुढच्या माणसाची बॅग दिसत नाही. कधी कधी जोराचा पाऊस असला की प्रशासन धबधबे, गड बंद करतं, तसा आदेश असेल तर गुपचूप दुसऱ्या वाटेने जाण्याची हुशारी करू नका. पहिला ट्रेक पावसाळ्यात करायचाच असेल तर पाचनईच्या वाटेने, मंगळवार-बुधवारी, गावातला वाटाड्या घेऊन. आणि १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली असेल तर घरी भजी तळा. त्या दिवशी कळसूबाईच्या शिड्यांवर जी रांग लागते ती दादर स्टेशनच्या जिन्याला लाजवेल अशी असते, वरचे खाली उतरू शकत नाहीत, खालचे वर जाऊ शकत नाहीत, आणि मधे कुणीतरी सेल्फी काढत असतो.

सांदण दरीत पावसाळ्यात पाऊलही टाकायचं नाही. ती दोन कड्यांमधली अरुंद चीर आहे, वर कुठे पाऊस झाला तर खाली पाणी एकदम येतं आणि बाजूला पळायला जागाच नसते. नोव्हेंबरनंतर जा, तेव्हाही मधे कमरेपर्यंत गार पाणी लागू शकतं.

मार्च ते मे ऊन जाळतं. पण करवंदं आणि जांभळं असतात, आणि शेवटी काजवे. त्यावर खाली वेगळं लिहितोय.

कुठून चढायचं

कळसूबाईसाठी बारी गाव. मुंबईकरांनी कसारा लोकल पकडायची, स्टेशनबाहेर जीपवाले असतातच, इगतपुरी-घोटी करून बारीला उतरायचं. पुण्याहून येणारे संगमनेर-अकोले-राजूर असे येतात. चढायला रमतगमत तीन तास धरा. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, वर कळसूबाईचं छोटं देऊळ, नवरात्रात जत्रा भरते. गावात सांगतात की कळसू नावाची मुलगी कामाला आली ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर, आणि लोकांनी ती अट मोडली तेव्हा ती डोंगरावर निघून गेली. आता तिच्या डोंगरावर लोक केर करून येतात, यापेक्षा वाईट थट्टा नाही.

हरिश्चंद्रगडाला वाटा पुष्कळ आहेत पण नवीन माणसाने दोनच लक्षात ठेवायच्या. पाचनईची वाट सगळ्यात सोपी, दोन-अडीच तास, मधे कातळाच्या कपारीखालून जाते. दुसरी खिरेश्वरची, ही माळशेजच्या बाजूने, कल्याण-नगर रस्त्यावर खुबी फाट्याला उतरायचं, धरणाच्या भिंतीवरून गावात जायचं, मग टोलार खिंड, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा आणि पुढे टेकड्याच टेकड्या. चार-पाच तास लागतात आणि वरच्या जंगलात चुकायला होतं. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट इन्स्टावर खूप गाजतेय सध्या. ती रोप, अनुभवी लीडर आणि दगड पडले तर सोसायची तयारी असलेल्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही, निदान यावर्षी नाही.

वर हरिश्चंद्रेश्वराचं कोरीव देऊळ, शेजारी पुष्करणी, आणि केदारेश्वराची गुहा. त्या गुहेत भलंमोठं शिवलिंग आहे, भोवती कमरेइतकं पाणी, चार खांबांपैकी एकच उभा. पाणी असं गार की पायाला कळ लागते. प्रदक्षिणा घालायची तर घाला, पण ते पाणी स्विमिंग पूल नाही, आत उड्या मारणं, साबण-शॅम्पूने अंघोळ करणं हे मी डोळ्याने पाहिलंय आणि त्यानंतर बोलल्यावर शिव्याही खाल्ल्यात.

कोकणकड्यावर एकच सांगतो. कडेपासून लांब बसा, आणि वाकून बघायचंच असेल तर पोटावर झोपून बघा, मागे कुणीतरी पाय धरून ठेवू दे. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, तुम्ही ज्या दगडावर उभे आहात त्याच्या खाली काहीच नसतं. १८३५ मध्ये कर्नल साइक्सने इथे इंद्रवज्र बघितल्याची नोंद आहे, म्हणजे खालच्या ढगावर गोल इंद्रधनुष्य आणि त्यात आपलीच सावली. ते दिसायला मागून ऊन आणि खाली धुकं लागतं. मला सहा खेपांत एकदा दिसलं, तेही मिनिटभर, आणि तेव्हा मी चहा गाळत होतो.

रतनगड मला या सगळ्यात जास्त आवडतो. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ बघायचं, मग दाट जंगलातून चढायचं, वर शिड्या आणि गडाच्या माथ्यावर आरपार भोक, त्याला नेढं म्हणतात. नेढ्यात बसलं की वारा असा काही लागतो की बोललेलं ऐकू येत नाही.

बॅगेत काय

लिस्टा सगळीकडे मिळतात, मी फक्त जे लोक विसरतात किंवा चुकीचं आणतात ते सांगतो.

शूज. नवीन शूज घालून येऊ नका आणि दहा वर्षं माळ्यावर पडलेले पण घालू नका. माझ्या पहिल्या हरिश्चंद्रगडाला मी दादाचे जुने शूज घालून गेलो, पाचनईच्या अर्ध्या वाटेत उजव्या पायाचा सोल पूर्ण उघडला, मगरीने जबडा वासावा तसा. आमच्या पुढे एक काका सरपणाचा भारा घेऊन चालले होते, ते थांबले, भाऱ्याला बांधलेली सुतळी थोडी सोडली, दाताने तोडली आणि माझ्या बुटाला तीन वेढे देऊन अशी गाठ मारली की मी गड चढून उतरलो तरी सुटली नाही. स्वतः ते अनवाणी होते. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, "सुतळीचं काय घेतोस, खाली जाऊन चहा पाज." तेव्हापासून माझ्या बॅगेत दोन मीटर सुतळी कायम असते.

पाणी प्रत्येकी तीन लिटर, घरून भरलेल्या पक्क्या बाटल्यांत. वाटेत बिसलेरी विकत घेत गेलं की रिकाम्या बाटल्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर झुडपात सापडतं. लिंबू, मीठ, गूळ-शेंगदाणे. हेडटॉर्च, मोबाईलचा टॉर्च नाही. पावसाळ्यात रेनकोट घ्याल तर जाड घ्या. तो वीस-तीस रुपयांचा पिशवीसारखा पातळ रेनकोट मिळतो ना, तो कळसूबाईच्या वाऱ्यात दहा मिनिटांत फाटतो आणि लोक तिथेच काढून टाकतात. एकदा उतरताना मी दोन शिड्यांच्या मधल्या टप्प्यात फक्त रेनकोट वेचले. सात भरले. एक तर अजून घडी घातलेला होता, स्टिकरसकट.

एक रिकामी गोणी किंवा मोठी जाड पिशवी, कचऱ्यासाठी. आणि रात्रीचा मुक्काम करणार असाल तर परवानगी आहे का, कुठे आहे, हे निघायच्या आधी गावात किंवा वनविभागाच्या नाक्यावर विचारून घ्या, हे नियम बदलत असतात. नाक्यावर प्रवेशाचे पैसे घेतात, पावती मागा आणि जपून ठेवा.

ब्लूटूथ स्पीकर घरी. ड्रोन पण घरी, अभयारण्यात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही.

काजवे: याच्यासाठी खास

आता मुद्द्यावर येतो. भंडारदऱ्याच्या धरणाभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा गोल रस्ता आहे, आणि मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की या गावांच्या आसपासच्या झाडांवर काजवे लागतात. लागतात असंच म्हणतात इथे, फळं लागावीत तसं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी. आणि ते एकाच तालात चमकतात, अख्खं झाड पेटतं, विझतं, मग पलीकडचं पेटतं. मोठा पाऊस सुरू झाला की खेळ खलास.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या जातीतला किडा. अळी असताना बराच काळ जमिनीवर ओलाव्यात राहतो, गोगलगायी खातो, आणि पंख फुटल्यावर त्याला मिळतात जेमतेम काही आठवडे. त्या तेवढ्या वेळात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. ते चमकणं म्हणजे नराने मादीला दिलेली हाक असते. आता तुम्ही गाडीचा हेडलाईट पाडलात, मोबाईलचा फ्लॅश मारलात, की ती हाक दिसतच नाही. त्या रात्रीची लग्नं मोडली. आणि अशा रात्री त्यांच्याकडे किती असतात?

मला हे पुस्तकातून नाही कळलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही पण गाडीतच होतो, एका पाड्याच्या बाहेर झाड दिसलं, ड्रायव्हिंग करणाऱ्या मित्राने "नीट बघू या" म्हणून लाईट अप्पर केला. झाड बंद. म्हणजे अक्षरशः कुणी मेन स्विच पाडावा तसं. आम्ही येड्यासारखे काळ्या झाडाकडे बघत बसलो. मागच्या घराच्या ओट्यावरून एक आजी ओरडली, "विझव की रं ती बत्ती, त्यांची जत्रा मोडली ना!" बत्ती विझवली. काही होईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आजी उठून आमच्याजवळ येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, कंबरेवर हात. मग अगदी खालच्या फांदीला एक लुकलुकला, मग दोन, आणि पंधराव्या मिनिटाला अख्खं झाड परत सुरू झालं. आजी म्हणाली, "आता बघा गप," आणि निघून गेली.

तर करायचं असं. उजेड असतानाच गावात पोहोचा, मुक्कामाचं आणि जेवणाचं घर आधी ठरवून ठेवा. गाडी गावातच लावा, रात्री झाडं शोधत रिंगरोडवर गाडी फिरवू नका, तिथे मग अंधारात ट्रॅफिक जाम होतो आणि सगळे एकमेकांचे हेडलाईट बघून परत जातात, हजारो रुपये खर्चून. गावातलं कुणीतरी सोबत घ्या, त्याला माहीत असतं आज कुठलं झाड लागलंय. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावा, नाहीतर लाल रुमाल गुंडाळा, आणि तो फक्त पायाखाली मारायचा, झाडाकडे नाही. वाट सोडून गवतात शिरायचं नाही, कारण माद्या आणि अळ्या बऱ्याचदा खालीच असतात, तुम्ही फोटोसाठी चार पावलं आत गेलात की पुढच्या वर्षीचे काजवे तुडवलेत. बाटलीत पकडायचे नाहीत, पोरांनी हट्ट केला तरी. परफ्यूम, डासांचा स्प्रे मारून झाडाखाली उभं राहायचं नाही, फुल बाह्यांचे कपडे घाला त्यापेक्षा. फोटो मोबाईलमध्ये येत नाहीत, हे आधीच मान्य करून टाका, ज्यांचे भारी फोटो तुम्ही बघितलेत त्यांनी ट्रायपॉड लावून तासन् तास बसून काढलेत. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, एकदा मोबाईल उघडला की परत पहिल्यापासून मोजा.

आणि प्लीज, सोमवार ते गुरुवार.

आत गेल्यावर वागायचं कसं

कचऱ्याचं सगळ्यांना माहीत असतं, तरी केळीची सालं, संत्र्याची सालं, अंड्याची टरफलं "ती काय कुजतात" म्हणून टाकतात. माकडं त्यावर येतात, त्यांना सवय लागते, मग ती तुमच्या पुढच्या माणसाच्या बॅगेवर झडप घालतात. सगळं परत आणायचं. ओले टिश्यू, वेट वाइप्स हे कापड नसून प्लॅस्टिक असतं बहुतेक वेळा. सॅनिटरी पॅड झिपच्या पिशवीत घालून परत.

सकाळच्या विधीचं पण बोलू, कुणी बोलत नाही म्हणून गडावरची पाण्याची टाकी घाण झाली आहेत. पाण्यापासून, वाटेपासून किमान सत्तर पावलं लांब जा, वीतभर खड्डा करा, नंतर माती लोटा. छोटं खुरपं न्या. लाजायचं काही नाही.

शेकोटी नको. लोकांना वाटतं वाळलेलं लाकूडच तर आहे. पण पडलेल्या लाकडात किडे, विंचू, सरडे, बुरशी सगळ्यांचं घर असतं, आणि गावच्या बायका तेच सरपण डोक्यावर वाहून नेतात. फेब्रुवारीनंतर गवत असं वाळतं की एक विडी पुरते अख्खा उतार जाळायला. वनविभागाचे लोक उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे पट्टा साफ करून ठेवतात, आग पुढे सरकू नये म्हणून, ते काम किती मेहनतीचं आहे ते एकदा बघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे, कचरा टाकणं आणि प्राण्यांना त्रास देणं पण, हे बऱ्याच जणांना पकडल्यावर कळतं.

आवाज. इथे बिबट्या, सांबर, भेकर, तरस, उदमांजर आहे. दिसणार नाहीत तुम्हाला, पण त्यांना तुम्ही दिसता आणि ऐकू तर फारच येता. कड्यांना आग्यामोहोळं असतात, आरडाओरडा, धूर आणि उग्र सेंट ही तिन्ही त्यांना न आवडणारी. पावसाळ्यात फांदी धरताना आधी बघा, हिरवा चापडा हा साप पानांत पानासारखाच बसलेला असतो.

आणि ते सीडबॉल, म्हणजे बिया घातलेले मातीचे गोळे. हल्ली फॅशन आहे, ट्रेकला जाताना पिशवीभर सीडबॉल घेऊन जायचं आणि फेकत सुटायचं, रील करायचं. भावना चांगली आहे, पण त्यात काय बिया आहेत हे फेकणाऱ्याला माहीत नसतं. सुबाभूळ, गिरिपुष्प, गुलमोहर या डोंगरातले नाहीतच. आणि पठारावर झाडं नाहीत म्हणून ते पठार रिकामं नसतं, ती गवताची, सोनकीची, कारवीची जागा आहे. काहीतरी करायचंच असेल तर वर जाताना नाही, उतरताना गोणी भरा.

गावाशी कसं वागायचं

जेवण गावातच करा. पिठलं, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, ठेचा, वर कुणाकडे असेल तर इंद्रायणीचा भात. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांगा, आणि सांगितलेत तेवढे या. बारा जणांचं सांगून पाच जण येतात आणि पाच जणांचेच पैसे देतात, अशा वेळी त्या माउलीने चुलीपुढे थापलेल्या बाकीच्या भाकऱ्यांचं काय? भाव करू नका. शहरात तुम्ही कॉफीला तीनशे देता.

वाटाड्याचे पैसे आधी ठरवा आणि संपल्यावर हातात द्या. त्याला रस्ता दाखवणारा समजू नका फक्त, विचारा, हे झाड कुठलं, ही भाजी कशी करतात. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री मिळाला, त्या शाळेत गेल्या नव्हत्या. तेव्हा इथल्या माणसाला किती कळतं याचा अंदाज लावत बसू नका.

पोरांना चॉकलेटं वाटू नका, रॅपर अंगणातच पडतात आणि पोरं गाड्यांमागे पळायला लागतात. द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींना भेटून काय लागतं ते विचारा. बायकांचे फोटो न विचारता काढू नका. खाचरात भात लावलेला असेल तर बांधावरून चाला, चिखलात उतरून रील केलात तर ती रोपं परत लावायला कुणीतरी दिवसभर वाकलेलं असतं.

काही झालंच तर

वर नेटवर्कचा भरवसा नाही. ऑफलाइन मॅप घरीच डाउनलोड करा, घरी एकाला तरी सांगून ठेवा कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजेपर्यंत फोन येईल. वाट चुकली तर खाली-खाली उतरत सुटू नका, सह्याद्रीत ओढा शेवटी कड्यावरूनच पडतो, शेवटच्या ओळखीच्या जागेवर परत या आणि थांबा. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, माणसाला न हलवता जमेल तितकं लवकर सरकारी रुग्णालय, राजूर नाहीतर अकोले, आणि १०८ ला फोन. पोलिसांसाठी ११२, वणवा दिसला किंवा कुणी शिकार करताना दिसलं तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६. पण खरं सांगू का, पहिली मदत गावातूनच येते, ती झोळी आणि बांबू घेऊन, रात्री दोनला पण.

उतरल्यावर

कचऱ्याची गोणी गावातल्या डब्यात रिकामी करू नका. तिथे घंटागाडी येत नाही, गावाने तो जाळायचा किंवा पुरायचा एवढंच असतं. ती गोणी तुमच्या शहरात तुमच्या सोसायटीच्या डब्यापर्यंत घेऊन या. कसारा लोकलमध्ये लोक बघतात, वास पण येतो थोडा. मागच्या वेळी शेजारच्या सीटवरच्या काकूंनी विचारलं, "काय विकायला चाललाय?" मी म्हणालो रेनकोट.